सहल अम्मींच्या गुडघ्यांच्या हिशोबाने

मागच्या थंडीत आम्ही लोणावळ्याला निघालो होतो. रविवार, त्याला जोडून सोमवारची सुट्टी, मुलांचा हट्ट आणि नुकतीच दुरुस्त करून आणलेली गाडी. सकाळी नऊला कुर्ल्याहून निघालो. खालापूरपर्यंत सगळे छान होते. पुढे घाटात जी रांग लागली ती अडीच तास हलायला तयार नव्हती. अम्मी मागच्या सीटवर दोन मुलांच्या मध्ये गुडघे आवळून बसल्या होत्या. "अम्मी, पाणी घ्या," असे आम्ही तीन-चारदा म्हटले. दर वेळी एकच उत्तर, "नको, तहान नाही."

वर पोहोचल्यावर एका पेट्रोल पंपावर थांबलो. महिलांच्या शौचालयाला कुलूप. दुसरे होते ते खाली बसायचे, आणि तिथे जायला दोन उंच पायऱ्या. अम्मी पायऱ्यांपर्यंत गेल्या, भिंतीला हात लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन गाडीत बसल्या. रात्री साडेनऊला घरी आलो तेव्हा त्यांच्या पावलांवर सूज होती. थोरलीने नंतर सांगितले की दादींनी आदल्या रात्रीपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. तिने विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "रस्त्यात माझ्यासाठी गाडी कुठे थांबवत बसणार तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी चहा घेताना अम्मी शांतपणे म्हणाल्या, "आता मला कुठे नेऊ नका. मी घरीच बरी."

त्यानंतर अकरा महिने त्या फक्त डॉक्टरांकडे जाण्यापुरत्या घराबाहेर पडल्या. आम्ही बरेच दिवस घाटातल्या रांगेला दोष देत राहिलो. पण रांग तर सर्वांनाच लागली होती. आम्ही बेत आखला तो मुलांच्या हौसेने आणि आमच्या सोयीने. अम्मींना आम्ही गाडीत बसवले, बेतात मात्र घेतलेच नव्हते.

फोनवरची भेट

अम्मींची धाकटी बहीण, म्हणजे आमच्या खाला, मीरा रोडला राहतात. कुर्ल्याहून मीरा रोड फार तर तीस किलोमीटर. पण खालांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू कमजोर झाली. त्या खाली उतरू शकत नाहीत, अम्मी वर चढू शकत नाहीत. एकाच शहरात राहून दोघी बहिणींची दोन वर्षे भेट नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल होतो. दोघींनाही फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे एकीला दुसरीचे कपाळ दिसते आणि दुसरीला पंखा.

एके दिवशी खाला सहज बोलून गेल्या, "आपा, आता आपली भेट वरच." अम्मी हसल्या, फोन ठेवला आणि त्या रात्री जेवल्या नाहीत.

त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघे कागद-पेन घेऊन बसलो. या वेळी नकाशा उघडला नाही. आधी कागदावर लिहिले : अम्मी. त्याखाली लिहिले : एका वेळी पाऊण तासापेक्षा जास्त बसवत नाही. दोन तासांनी बाथरूम लागते. खुर्चीसारखे कमोड लागते. दोनपेक्षा जास्त पायऱ्या नकोत. साडेआठला नाश्ता आणि साखरेची गोळी. एकला घरी जेवण. एवढे लिहून झाल्यावर लक्षात आले की अर्धा बेत तर झालाच आहे. आता या चौकटीत बसेल असा रस्ता तेवढा शोधायचा होता.

जंगलाला वळसा

आपण मुंबईकर सहल म्हटली की लोणावळा, अलिबाग, माथेरान म्हणतो. शहराच्या पोटातच एक मोठे जंगल आहे आणि त्याच्याभोवती गाडीचा पूर्ण वळसा घालता येतो, हे आमच्याही ध्यानात नव्हते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. त्याच्या पूर्वेला मुलुंड-ठाणे, उत्तरेला घोडबंदर रस्ता, पश्चिमेला दहिसर-बोरिवली-गोरेगाव आणि दक्षिणेला आरे-पवई. कुर्ल्याहून निघून ठाणे, घोडबंदर, मीरा रोड, बोरिवली, पवई करत परत कुर्ल्याला आलो की अंतर ऐंशी किलोमीटरच्या घरात जाते. एकही खाडी ओलांडावी लागत नाही. हा सगळा भाग म्हणजे जुने साष्टी बेट. सहासष्ट गावांचे म्हणून साष्टी, असे या नावाचे मूळ सांगतात.

हा वळसा कोणत्या बाजूने घ्यायचा, यावर आम्ही बरीच चर्चा केली. शेवटी आधी ठाणे, मग घोडबंदर, असे ठरले. कारण साधे आहे. या दिशेने गेले की जंगल आणि डोंगर पूर्ण वेळ गाडीच्या डाव्या हाताला राहतात. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते. म्हणजे बहुतेक वळणे डावीच, समोरची वाहतूक ओलांडून उजवीकडे वळायची वेळ कमीच येते. आणि पुढच्या डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या खिडकीत सकाळभर हिरवे डोंगर.

ती सीट अम्मींची, हेही त्याच रात्री ठरले. आमच्याकडे वडीलधाऱ्यांना मागे, मानाने बसवायची पद्धत. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला पुढे जास्त बरे पडते. सीट मागे सरकवता येते, पाय लांब करता येतात, उतरताना दाराची चौकट धरता येते. मुलांनी थोडी कुरकुर केली. धाकट्याला पुढे बसायचे होते. त्याला आम्ही थांब्यांचा कागद सांभाळायचे काम दिले, तेव्हा तो गप्प झाला.

काय गाळायचे

बेत आखताना काय घ्यायचे याची यादी सर्वच करतात. काय गाळायचे याची कोणी करत नाही. आम्ही या वेळी तीही केली.

पहिले नाव कान्हेरीचे. उद्यानाच्या बोरिवलीच्या फाटकापासून साधारण सहा किलोमीटर आत, डोंगरात कोरलेली शंभराहून अधिक बौद्ध लेणी आहेत. थोरलीला इतिहासाची आवड, तिला तिथे जायचे होते. तिथे इ.स. १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावे दगडावर कोरून ठेवली आहेत, असे तिने आम्हाला वाचून दाखवले. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक ही लेणी बघायला येत होते! पण कान्हेरी म्हणजे पायऱ्या आणि चढ. ते गाळले. तिला वचन दिले की तिला वेगळे नेऊ, आणि सोमवारी उद्यान बंद असते हे वहीत लिहून ठेवायला सांगितले.

दुसरे नाव घोडबंदरच्या किल्ल्याचे. पोर्तुगीजांचा हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला. अरब व्यापारी या बंदरात घोडे उतरवत, त्यावरून घोडबंदर हे नाव पडले असे सांगतात. वरून खाडीचा देखावा सुंदर. पण किल्ला टेकाडावर आहे आणि तिकडे जायला महामार्गही ओलांडावा लागतो. तोही गाळला. गाडीतून जाताना मुलांना गोष्ट सांगायची, एवढेच ठरवले.

तिसरे आमचे स्वतःचे. ठाण्यात राबोडीला आमचे जुने स्नेही आहेत. "एवढ्या जवळून जाताय आणि येत नाही?" म्हणून ते रागावणार हे नक्की. पण सहलीच्या दिवशी तीन घरी चहा घेतला की दुपारचे चार वाजतात. त्यांना आधीच फोन करून खरे कारण सांगितले. ते रागावले नाहीत. उलट म्हणाले, "रस्त्यात काही अडचण आली तर आमचं घर आहे, कमोडवालं बाथरूम आहे, बिनधास्त या." नाते न दुखावता आमच्या यादीत एक राखीव थांबा वाढला.

एका फोनने सुटलेले कोडे

थांबे असे ठरले. पहिला उपवन तलाव. ठाण्याला तलावांचे शहर म्हणतात, त्यातला हा येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. पूर्व द्रुतगती मार्गावरून डावीकडे पोखरण रस्त्याने आत गेले की तलावाकाठी बसायला बाके आहेत, सपाट चालता येते, आणि तिथून पुन्हा घोडबंदर रस्त्याला लागता येते. दुसरा थांबा खालांचे घर. तिसरा पवई तलाव. मग घर.

कागदावर सगळे जुळले, फक्त मधला थांबा सोडून. खालांचे घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. अम्मींना खुर्चीत बसवून वर न्यायचे, असा आमचा विचार होता. अम्मींना विचारले तर त्या घाबरल्या. "मी जाड आहे, तुम्ही पाडाल मला." त्यांचे म्हणणे खरे होते. अरुंद जिना, वळणे, वजन, सगळेच अवघड.

मग आम्ही खालांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "अम्मीचं वजन खूप कमी झालंय. आम्ही दोघे भाऊ तिला दवाखान्यात नेताना खुर्चीतच खाली आणतो. पण खाली आणून बसवायचं कुठे? पार्किंगमध्ये?" आम्ही विचारले, "तळमजल्यावर कोण राहतं?" तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "एक मावशी आहेत. आमचं जाणं-येणं फारसं नाही. नमस्कार-चमत्कार आहे तेवढंच. बघतो विचारून."

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. त्या मावशींनी म्हटले होते, "एक तास कशाला, दुपारपर्यंत बसू दे त्यांना माझ्या हॉलमध्ये. मी चहा ठेवते."

दोन वर्षे जी भेट अशक्य वाटत होती, ती अशी एका फोनवर शक्य झाली. हा प्रश्न आपल्याला आधी का सुचला नाही, याची आम्हाला अजून लाज वाटते. आपण जिना मोजत बसलो. तळमजल्यावर माणसे राहतात हे विसरलो.

आदला दिवस

शनिवारी सकाळीच गाडीत सीएनजी भरून घेतला. रविवारी पहाटे सीएनजीच्या रांगेत अम्मींना बसवायचे नव्हते. हवा तपासली. डिकीत सीएनजीची टाकी असल्याने वॉकर तिथे मावत नाही. तो घडी करून मागच्या सीटपुढे पायांपाशी आडवा बसतो का, हे आदल्या दिवशीच बघून ठेवले. गाडीत चढायला घरातले छोटे, पक्के स्टूल घेतले. मग अम्मींना खाली आणून दोनदा बसण्याची तालीम केली : आधी सीटकडे पाठ करायची, टेकायचे, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. सीटवर गुळगुळीत दुपट्टा घातला की वळणे सोपे जाते. बसून झाले की तो काढून घ्यायचा.

आठवडाभर आधी डॉक्टरांनाही विचारले होते. अम्मींना रक्तदाबासाठी जी गोळी आहे तिने लघवी जास्त होते. ती त्या सकाळी किती वाजता घ्यावी, हे डॉक्टरांनी सांगितले. अशी गोळी स्वतःच्या मनाने पुढे-मागे करू नये किंवा बंद करू नये. मधुमेह असेल तर नाश्त्याची वेळ चुकवू नये, आणि साखर एकदम उतरली तर म्हणून ग्लुकोज किंवा साखर हाताशी ठेवावी.

आणि आदल्या रविवारी, त्याच वेळेला, मोबाइलवरचा नकाशा उघडून सगळ्या रस्त्याची स्थिती पाहून ठेवली. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे काम आहे, गायमुखच्या घाटात डागडुजी निघते, गुजरातकडे जाणारे ट्रक असतात. कामाच्या दिवशी तिथे तासभर सहज अडकायला होते. रविवारी सकाळी साडेसात-आठला मात्र रस्ता मोकळा दिसला. साडेनऊनंतर लाल व्हायला लागला. म्हणजे आपल्याला कधी पार व्हायचे ते कळले.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून खोबऱ्याचा वास आला. अम्मी स्टुलावर बसून सांदण करत होत्या. रवा, नारळाचे दूध, वेलची. वर्षभर त्यांनी गॅसपाशी बसून काही केले नव्हते. आम्ही म्हटले, "अम्मी, कशाला त्रास?" तर म्हणाल्या, "तिला माझ्या हातचं आवडतं. तुमच्या हातचं गच्च होतं."

रविवार

फजर झाल्यावर चहा, आणि पावणेसातला गाडी सुटली. पूर्व द्रुतगती मार्ग मोकळा होता. विक्रोळी, भांडुप, मुलुंड. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे मुलुंडला थांबावेही लागले नाही. ठाणे आले तेव्हा धाकट्याने कागद वाचला, "थांबा क्रमांक एक." १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून इथेच आली होती, हे थोरलीने सांगितले. अम्मी म्हणाल्या, "आमच्या वेळी तर लोक स्टेशन बघायलासुद्धा जात."

उपवनला अम्मी वॉकर घेऊन पन्नास पावले चालल्या आणि बाकावर बसल्या. पाण्यावर धुके होते. डब्यातला नाश्ता तिथेच झाला. साडेआठची गोळी झाली. अम्मींनी स्वतःहून पाणी मागितले, आणि तेव्हा आम्हाला कळले की या वेळी त्या आमच्यावर विश्वास ठेवून निघाल्या आहेत. राबोडीचा राखीव थांबा लागला नाही, पण तो आहे हे अम्मींना माहीत होते. पाणी प्यायला तेवढे पुरले.

पुढे घोडबंदर रस्ता. कासारवडवलीपर्यंत दोन्हीकडे उंच इमारती आणि मेट्रोचे खांब. गायमुखनंतर रस्ता घाटातून वळतो आणि एकदम झाडी सुरू होते. डावीकडे डोंगर, उजवीकडे झाडांतून मधूनमधून खाडी. याच डोंगराच्या पोटातून ठाणे-बोरिवली बोगद्याचे काम सुरू आहे. तो झाला की कामावर जाणाऱ्यांना एवढा वळसा घालावा लागणार नाही. सहलीला आलेल्यांनी मात्र वळसाच घ्यावा.

साडेनऊ वाजता मीरा रोड. तळमजल्याच्या मावशींनी दार उघडेच ठेवले होते. खालांना त्यांच्या मुलांनी आधीच खाली आणून सोफ्यावर उशांच्या आधाराने बसवले होते. अम्मी दारात वॉकर धरून उभ्या राहिल्या. खालांनी डावा हात वर केला, उजवा उठला नाही. त्या हाताकडे अम्मी बघतच राहिल्या. मग शेजारी जाऊन बसल्या आणि तोच हात आपल्या मांडीवर घेऊन चोळायला लागल्या. बराच वेळ दोघी काही बोलल्या नाहीत. आम्ही मुलांना घेऊन बाहेर जाऊन उभे राहिलो.

आत गेलो तेव्हा खाला सांदण खात होत्या आणि अम्मी त्यांना रागावत होत्या, "व्यायाम करत नाहीस म्हणे. फिजिओवाला येतो तेव्हा झोपून राहतेस?" खाला म्हणाल्या, "तू दोन वर्षं घरातून हलली नाहीस, तू मला सांगतेस?" मावशी चहा घेऊन आल्या आणि त्यांनाही सांदण मिळाले. खालांच्या मुलाने जाताना आम्हाला सांगितले की मावशींनी खालांना दर शुक्रवारी दुपारी खाली बोलावले आहे. तिथे खिडकीतून रस्ता दिसतो.

ठरवले होते सव्वाअकराला निघायचे, निघालो बाराला. बेतात इतकी ढील आम्ही आधीच ठेवली होती. दहिसरला थोडी रांग मिळाली. पश्चिम द्रुतगती मार्गाने बोरिवली, मालाड, गोरेगाव, मग जोगेश्वरीहून डावीकडे वळून पवईकडे.

मिठीचे पाणी

पवईचा तलाव रस्त्याच्या डाव्या हातालाच लागतो. रस्त्यावर गाडी उभी करू देत नाहीत. म्हणून एकाने अम्मींना आणि मुलांना काठाच्या पदपथाशी उतरवले आणि गाडी पुढे नेऊन जागा शोधली. दहाच मिनिटे थांबायचे होते.

अम्मींनी विचारले, "हे पाणी आपण पितो का?" आम्ही सांगितले, "नाही. १८९१ साली तलाव बांधला तो पाण्यासाठीच, पण आता ते पिण्याजोगे नाही. त्या मागच्या डोंगरात विहार आणि तुळशी तलाव आहेत, त्यांचं पाणी शहराला जातं. आणि पवई-विहार भरून वाहिले की ते पाणी मिठी नदीत येतं." अम्मी चमकल्या. "आपली मिठी? कुर्ल्याची?" "हो. इथूनच निघते. साकीनाका, कुर्ला करत माहीमला समुद्राला मिळते."

त्या गप्प झाल्या. २६ जुलै २००५ आम्हा सर्वांनाच आठवला. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते. अम्मींनी दोन रात्री शेजाऱ्यांच्या माळ्यावर काढल्या होत्या, आणि तिसऱ्या दिवशी मीरा रोडहून चालत, मिळेल त्या गाडीने, डब्यात खिचडी घेऊन पहिली कोण आली होती तर खाला.

"ती तेव्हा आली होती," अम्मी पाण्याकडे बघत म्हणाल्या. "मीच गेले नव्हते इतके दिवस."

एक वाजता नाही, पण दीडला घरी पोहोचलो. पावलांवर सूज नव्हती. जोहर अदा करून, जेवून अम्मी आडव्या झाल्या. संध्याकाळी फोन आला तेव्हा नेहमीप्रमाणे एकीचे कपाळ आणि दुसरीचा पंखा. पण बोलणे पुढच्या भेटीचे होते.

आपल्यासाठी थोडक्यात

तुमचे शहर दुसरे असेल. पुण्यात असाल तर तुमचा वळसा वेगळा, नागपूर किंवा औरंगाबादला वेगळा. पण काही गोष्टी कुठेही लागू पडतात.

घरातल्या ज्या व्यक्तीला प्रवास सर्वात जड जातो, तिच्या गरजा आधी लिहा. रस्ता त्यानंतर शोधा.

प्रत्येक थांब्यावर कोणते शौचालय आहे, किती पायऱ्या आहेत, हे आधी फोन करून विचारा. नातेवाइकांचे घर हा सर्वात चांगला थांबा. पहाटे दुकाने-मॉल बंद असतात, त्यावर विसंबू नका. कोणी पाणी प्यायचे टाळत असेल तर तिला कशाची भीती वाटते ते समजून घ्या. आमच्या घरांतल्या बायका हे तोंडाने सांगत नाहीत.

एका दिवसात तीन थांबे पुरे. त्यातला एक तरी माणसाकडे असावा.

कुठून अर्ध्यावर परत फिरता येईल, ते नकाशावर आधीच बघून ठेवा. आमच्या रस्त्यात मुलुंडला, ठाण्याला आणि मीरा रोडला अशी तीन ठिकाणे होती. परत फिरावे लागले तर त्यात कोणाचा अपराध नाही, हे मुलांनाही आधी सांगून ठेवा.

दुपट्टा किंवा बुरख्याचे टोक दारात अडकले नाही ना, आणि सीटबेल्ट पोटावर न येता कमरेच्या हाडावर बसला आहे ना, हे गाडी सुरू करण्यापूर्वी बघा. औषधांची चिठ्ठी गाडीत ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

पावसाळ्यात हा वळसा टाळा. खड्डे, धबधब्यांची गर्दी आणि घाटातली कोंडी, तिन्ही एकदम येतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हवा चांगली.

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा निघणार आहोत, इन्शाअल्लाह. अम्मींनी स्वतः कागद मागून घेतला आहे. त्यात राबोडीचे नाव त्यांनी वर चढवले आहे. म्हणाल्या, "त्यांनी बाथरूम देऊ केलं होतं, निदान चहा तरी घेऊन येऊ." थोरलीची कान्हेरी अजून बाकी आहे. तिथे अम्मी येणार नाहीत. "त्या दिवशी मला तळमजल्यावर सोडा," असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.